बिजलीबाईच्या हातची भाकर

मोंबासाहून धुळ्याला परतल्यापासून प्रमिलाबाईंच्या तोंडी एकच वाक्य होते. "सात वर्षे समुद्रापार काढली, पण माझ्या चुलीला परका हात लागू दिला नाही." गल्लीतल्या बाया माना डोलवत. परमुलखात राहून सोवळे सांभाळणारी बाई म्हणून त्यांचा मोठा बोलबाला झाला.

हे सपशेल खोटे होते. आणि ते खोटे आहे हे जाणणारी बाई रोज त्यांच्याच अंगणात गोवऱ्या थापत असे.

बिजलीबाई ही शिरपूरच्या वरच्या अंगाची, सातपुड्याच्या पायथ्याची भिल्लाची विधवा. प्रमिलाबाईंचे यजमान मोतीलाल रेल्वेत कारकून म्हणून आफ्रिकेला निघाले, तेव्हा त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला, यशोदेला, सांभाळायला सोबत कोणी येईना. जहाजात बसायला बिजलीबाई तेवढी तयार झाली. तिकडे पोचून पंधरा दिवस होतात न होतात तोच प्रमिलाबाई तापाने आडव्या झाल्या, त्या तीन महिने. बाजारात ज्वारी मिळेना, मिळे ते मक्याचे पीठ. मक्याची भाकर म्हणजे पायथ्याच्या माणसाचा हातखंडा! बिजलीबाईने चूल ताब्यात घेतली ती सात वर्षे सोडली नाही. बऱ्या झाल्यावर प्रमिलाबाईंनाही ते सोयीचेच वाटले. "बिजले, तू आमची अन्नपूर्णा," असे त्या तेव्हा म्हणत.

धुळ्यात उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी घरात शेजारणी जमल्या होत्या. बिजलीबाई सवयीने स्वयंपाकघरात शिरली आणि उतू जाणारे दूध तिने उतरवले. प्रमिलाबाई कडाडल्या, "बाहेर हो! चूल बाटवतेस?" दूध गटारात ओतले, जमीन सारवून घेतली. यशोदेने तोंड फिरवले. त्या दिवसापासून बिजलीबाईच्या पसरलेल्या हातांवर भाकर वरून टाकली जाऊ लागली.

बिजलीबाई रडली नाही. तिने दिवस मोजले. वर्षभराने यशोदेला पाहायला शिंदखेड्याचे पाहुणे येणार अशी बातमी लागली, तेव्हा ती खूश झाली. मी तर म्हणतो, तिच्या जागी मी असतो तर मीही झालो असतो.

शेजारी झुलालनाना राहत. जुने शाळामास्तर, बोलायला फटकळ, पण बिजलीबाईला ओट्यावर बसवून कपात चहा देणारे गल्लीतले एकटेच. पाहुण्यांसमोर सगळे उघड करायचे, असा सारा बेत तिने त्यांना सांगितला.

"नाना, सात वरीस त्यास्नी मनाच हातनं खादं. परवा पाव्हनास्ना मोर बठ्ठं सांगसू. ह्या बाटेल शेतस म्हनसू. लगीन मोडसू."

नानांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझा राग खरा आहे. पण तू काय म्हणणार? यांनी माझ्या हातचं खाल्लं म्हणून हे बाटले. म्हणजे तुझ्या हाताने माणूस बाटतो, हे तूच चारचौघांत कबूल करणार. मग प्रमिलाबाईंनी वेगळं काय केलं?"

बिजलीबाईचा चेहरा उतरला. मग काय मुकाट बसू, असे तिने विचारले.

"मुकाट बस असं कोण म्हणतंय? सांग, जरूर सांग. पण शिवी म्हणून सांगू नकोस. मान वर करून सांग."

पाहुणे आले. पोहे झाले, यशोदेला पाहणे झाले. मुलाच्या आत्याने चौकशी केली की तिकडे खाण्यापिण्याचे कसे, रांधायला कोण होते. प्रमिलाबाईंनी आपले ठरलेले वाक्य म्हटले. तशी बिजलीबाई अंगणातून ओट्यावर चढली आणि दारात उभी राहिली.

"बाई खोटं बोली राहिनी. चूल मनी व्हती. सात वरीस बठ्ठास्नी मनाच हातनं खादं, आनि धडधाकट शेतस. मना हात वंगाळ नही शे."

मोतीलाल खाली बघू लागले. आत्याने प्रमिलाबाईंना विचारले, ही बाई म्हणते ते खरे का? प्रमिलाबाईंनी नकार द्यायला तोंड उघडलेही. तेवढ्यात वर्षापूर्वी तोंड फिरवणारी यशोदा उठली आणि बिजलीबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पोरीचा हात त्या बाईच्या हातात होता. आता खोटे बोलायचे म्हणजे पोटच्या पोरीलाही खोटे पाडायचे!

"खरं आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी मरणाच्या दारात होते. हिनेच जगवलं."

पाहुणे सुपारी न घेताच उठले. लग्न मोडले. जे बिजलीबाईने आधी मनात धरले होते तेच झाले. पण यशोदेचा हात हातात असताना तिला त्याची चव लागली नाही.

"घेतलास ना सूड?" प्रमिलाबाईंनी रडत विचारले.

"सूड लेवाना ऱ्हाता तर ह्या बाटेल शेतस म्हनती. तसं म्हनं का मी?"

प्रमिलाबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी चुलीपाशी पाट मांडला, ताट वाढले आणि बिजलीबाईला आत बोलावले. ती गेली नाही. एका ताटाने वर्ष भरून निघत नाही, असे तिने सांगितले, आणि ते बरोबरच होते. प्रमिलाबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावायला गेल्या, तिसऱ्या दिवशीही गेल्या. नवव्या दिवशी बिजलीबाई आत येऊन जेवली.

बंधुभगिनींनो, परदेशात अडचणीच्या वेळी ज्या हाताची भाकर आपल्याला गोड लागते, तो हात घरी परतताच विटाळणारा कसा होतो? विटाळ हातात नसतो, आपल्या मनात असतो. आणि ज्याचा अपमान झाला त्यानेही सूड घेताना एवढे पाहावे, की आपल्याला छळणाऱ्याचेच म्हणणे आपण खरे करत नाही ना.