पट्टी पुन्हा गेली

"पट्टी पुन्हा गेली हो, भाऊ!" बाईंनी काउंटरवरून हाक मारली आणि वायरवाल्याने हातातला चहा तसाच खाली ठेवला.

कचेरीतले कॉम्प्युटर तोच सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला वायरवालाच म्हणत. बाईंच्या स्क्रीनखालची पट्टी, जिच्यावर घड्याळ आणि सगळी बटणं असतात, ती हल्ली दुपारच्या जेवणानंतर गायब व्हायची. तो खटपट करून आणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं.

साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. "अरे, त्याच दाबत असतील काहीतरी भलतंच. वय झालं आता. तळघरात रेकॉर्डला पाठवतो त्यांना. तुझ्याही डोक्याचा ताप जाईल."

तळघरात गेलेलं माणूस पुन्हा वर येत नसे. वायरवाल्याचे डोळे चुरचुरत होते, कंबर धरली होती, तरी तो सर्व्हरपुढे बसला. पाहतो तो काय, बाई एकाच वेळी दोन ठिकाणी लॉग इन! एकीकडे काउंटरवर, दुसरीकडे वरच्या मजल्यावरच्या अडगळीतल्या कॉम्प्युटरवर. सगळ्यांच्या सेटिंग एकाच सर्व्हरवर; दोन्हीकडून एकदम लिहिलं गेलं की फाइल बिघडायची आणि पट्टी जायची.

तो धापा टाकत वर गेला. धुळीतल्या त्या स्क्रीनवर काउंटरवर नुकताच सुरू झालेला नव्या पद्धतीचा अर्ज उघडा होता. खोटं नाव, खोटा पत्ता, पुन्हा पुन्हा भरलेला. जेवण सोडून बाई इथे येऊन हात बसवत होत्या. जाताना नुसती स्क्रीन बंद करत होत्या, कारण लॉग आउटच्या भानगडीत पडू नका, वेळ जातो, असं सगळ्या कचेरीला त्यानेच शिकवलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

खाली येऊन त्याने बाईंना सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, बाई. तुमची नाहीच. साहेबांना आत्ता सांगतो."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "साहेबांचं बोलणं कानावर आलं, तेव्हा मघाशी मीच सांगून आले, उद्यापासून खाली तळघरात बसते म्हणून. त्यांनी उठवण्याआधी आपण उठलेलं बरं. माझ्या जागी येणाऱ्या नव्या मॅडमना फोनही गेला. केवढ्या खूश झाल्या म्हणे."

बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं.

"म्हणजे मला येत होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"येत होतं, बाई."

त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि रांगेकडे पाहिलं.

"या, पुढे कोण आहे?"