ब्लाझेनाचे शिसे

प्रोफेसर अलॉइस नेचास यांनी आयुष्यात जवळजवळ प्रत्येक पत्राला उत्तर दिले होते, अगदी शाईच्या दुकानदाराच्या नाताळच्या शुभेच्छांनाही. एका पत्राला मात्र नाही. ते १९११ च्या नोव्हेंबरात याखिमोवच्या, युरेनियमच्या खाणीच्या गावाहून आले होते, सोबत बोटभर लांबीची, मेणाने बंद केलेली एक कुपी. पत्र त्यांना पाठ होते.

‘प्रोफेसरसाहेब, चौदा वेळा शुद्ध केलं तरी आमच्या खाणीतल्या शिशाचा अणुभार २०६.४ च येतो. दोष माझ्या हातात आहे की शिशात? आपण एकदा स्वतः वजन करून पाहावं. ब्लाझेना मारेशोवा.’

ब्लाझेना प्रागच्या प्रयोगशाळेत त्यांची सहायक होती. तेव्हा सगळ्यांचा समज असा, की मूलद्रव्याची ओळख म्हणजे त्याचा अणुभार. शिशाचा २०७.२. नेचासांनी तो आकडा सहा वर्षे खपून पक्का केला होता. वेगळा आकडा आला की नमुना मळका समजायचा आणि पुन्हा शुद्ध करायचा, ही तिथली रीत. “आणखी एकदा,” असे ते तिला चौदा वेळा म्हणाले होते. शेवटी ती सुट्टी घेऊन घरी गेली आणि तिथून हे पत्र आले. त्यांनी कुपी खणात टाकली.

तीन वर्षांनी परदेशातल्या प्रयोगशाळांनी तेच जाहीर केले. युरेनियमच्या खनिजात सापडणारे शिसे हलके असते. नेचासांनी ते ग्रंथालयात उभ्या उभ्या वाचले, अंक जागेवर ठेवला आणि घरी आले. त्या आठवड्यात लिहायला हवे होते. मग युद्ध आले. मग इतका उशीर झाला, की उशिराबद्दल काय लिहावे तेच सुचेना.

आता १९३३ चा सप्टेंबर होता. निवृत्त नेचास घरच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याकडेच राहणाऱ्या थोरल्या बहिणीजवळ, हेडविकाजवळ बसले होते. हेडविका आलुबुखाऱ्यातली बी काढून तिच्या जागी साखरेचा खडा घालत होती आणि वरून कणकेचा गोळा वळत होती.

“लोइझा,” तिने लहानपणच्या नावाने हाक मारली, “वर्तमानपत्रात ते न्यूट्रॉन न्यूट्रॉन काय चाललंय रे? तुझ्या शिशाला काही झालं का?”

“शिशाला काय व्हायचंय! झालं ते मला.” त्यांनी तयार गोळ्यांपैकी एक हातात घेतला. “हे बघ. अणूच्या मधे गाभा असतो, त्यात प्रोटॉन. ते ब्याऐंशी असले की शिसं. एक वाढला की बिस्मथ, दुसरंच काहीतरी. जितके प्रोटॉन, तितके इलेक्ट्रॉन बाहेर, या कणकेसारखे. दुसऱ्या पदार्थांशी जो काही संबंध येतो, तो या बाहेरच्यांचाच.”

“आणि न्यूट्रॉन?”

“तेही गाभ्यातच. त्यांनी नाव बदलत नाही, स्वभाव बदलत नाही. फक्त वजन. कुठल्या शिशात एकशे चोवीस, कुठल्यात एकशे सव्वीस.”

हेडविकाने पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात दोन गोळे सोडले. “म्हणजे समज, एकात बी राहिली नि एकात साखर. वरून सारखेच.”

“हो.”

“मग उकळून कसं कळणार?”

“नाहीच कळणार.”

“आणि तू त्या मारेशोवाला वर्षभर उकळायला लावलंस!” ती हसली. “बरा गुरू मिळाला पोरीला.”

नेचास हसले नाहीत. चौदा वेळा काय, चारशे वेळा शुद्ध केले असते तरी आकडा हलला नसता. तिचा हात नको इतका स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खणातली कुपी काढली आणि जुन्या प्रयोगशाळेत जाऊन तिच्यातले अर्धे शिसे तपासण्यापुरती जागा मागितली. तरुण प्रमुखाने त्यांना खिडकीजवळचे टेबल दिले. अकरा दिवस ते विरघळवत, गाळत, वाळवत राहिले. शेवटच्या दिवशी तराजूच्या काचेवर श्वास लागू नये म्हणून तोंडावर रुमाल धरून बसले. आकडा आला २०६.४. वीस वर्षे जगाला ठाऊक असलेली गोष्ट, पण या कुपीसाठी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती.

घरी येऊन त्यांनी नऊ पाने लिहिली. हेडविकाने पहिले पान चष्मा चढवून वाचले.

“हे पत्र आहे की पाठ? ती आता मुलींच्या शाळेत शिकवते, तिथं हेच सांगत असेल. तिनं काय विचारलं होतं?”

“दोष हातात आहे की शिशात.”

“मग तेवढं सांग ना!”

ते टेबलावरचे खसखशीचे दाणे बोटाने एका जागी गोळा करत म्हणाले, “एवढंच नाही गं. तिचं पत्र आल्यावर महिन्याभरात तिच्याबद्दल व्हिएन्नाहून विचारणा आली होती. तिथल्या प्रयोगशाळेत तिला घ्यायचं होतं. मी कळवलं, हात स्वच्छ नाही, नमुने मळवते.”

हेडविकाने चष्मा काढला. अणुभाराच्या माणसाबद्दल याहून वाईट काही लिहिता येत नाही, हे भावाच्या घरात चाळीस वर्षे काढून तिलाही कळत होते.

“तिला ठाऊक आहे हे?”

“नाही. जागा दुसऱ्याला गेली, एवढंच तिला कळलं असेल.”

“म्हणजे तिला आजवर वाटत असेल, आपणच कमी पडलो.” तिने नऊ पाने उलटी करून त्यांच्यापुढे सरकवली. “आधी ते लिही. घाबरट कुठला. आणि या वयात ती तुझं काय वाकडं करणार आहे?”

नेचासांना भीती त्याची नव्हती. तिने क्षमा केली तर काय, याची होती. तरी त्यांनी कोरा कागद घेतला.

‘ब्लाझेनाबाई, दोष शिशात होता, तुमच्या हातात नाही. मी या महिन्यात वजन केले: २०६.४. ते १९११ मध्येच करायला हवे होते. व्हिएन्नाची जागा तुम्हाला माझ्यामुळे मिळाली नाही. तुमचा हात स्वच्छ नाही असे मी लिहिले होते, तपासून न पाहता. ते खोटे होते, असे आज तिथे कळवले आहे. आता त्याचा उपयोग नाही, हे जाणतो. उरलेले शिसे तुमचे आहे, परत पाठवतो. अलॉइस नेचास.’

कुपीवरच्या जुन्या चिठ्ठीवर त्यांनीच कधीतरी ‘मळके’ असे लिहिले होते. ती चिठ्ठी त्यांनी ओल्या बोटाने खरवडून काढली.

टपाल कचेरीत खिडकीमागच्या बाईने पुडके हातात घेऊन पाहिले. “आत काय आहे, आजोबा?”

“शिसं.”

“म्हणजे वजन करावं लागेल.”

तिने पुडके तराजूवर टाकले. काटा स्थिर होईपर्यंत नेचासांनी सवयीने श्वास रोखून धरला. बाईने तिकिटे चिकटवली, धपकन शिक्का मारला आणि पुडके मागच्या थैलीत टाकले.