धोंड्यानंतरची तारीख

सिंधूताईंना माणसं मोजायची सवय होती. कामठीच्या त्यांच्या आळीत कोण कोणाच्या बारशाला शेवटपर्यंत थांबलं नि कोण नुसतं तोंड दाखवून परतलं, हे त्यांना वर्षानुवर्षं पाठ असायचं. या मोजणीतून सुटलेला माणूस एकच, त्यांचा जावई धर्मेंद्र. हर्षाचं लग्न फार उशिरा जमलं, पण जावई मिळाला तो असा, की दर रविवारी नागपूरहून यायचं, विधवा सासूच्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या आणि वर म्हणायचं, "मामीजी, तुमच्या लेकीले सांगा, मले भाजीत मीठ मागायचीपण भीती वाटते." कॉलेजात गणित शिकवणारा चाळिशीचा माणूस, पण सासूसमोर पोरासारखा.

दोन वर्षांत चार वेळा त्याचं पोट डावीकडे खाली धरलं. मोठ्या आतड्याला बारीक पिशव्या येतात, त्या सुजतात, असं निदान झालं. तीनदा गोळ्यांवर भागलं. चौथ्यांदा, होळीनंतर, तिथं पू धरला आणि धंतोलीच्या एका दवाखान्यात सलाईनवर आठवडा काढावा लागला. सुटी देताना सर्जननं समजावलं, "गोळ्यांवर पुढंही निभेल कदाचित. पण मी म्हणेन, शांत आहे तोवर तेवढा तुकडा काढू, त्याच वेळी जोडताही येईल. फुटल्यावर आलात तर पोटावर शौचाची पिशवी, आणि जिवाचाही धोका. निर्णय तुमचा." धर्मेंद्रनं उन्हाळ्याची सुटी पाहून वीस मे ठरवली.

हर्षानं आईला फोन केला.

"वीस तारखेला?" सिंधूताई ओरडल्याच. "अवं, सतरापासून धोंड्याचा महिना लागून राहिला!"

तीन वर्षांनी येणारा अधिक महिना. त्यात जावयाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे वाढायचे. सिंधूताईंच्या जाऊबाई रंभाबाईंनी नागपूरच्या सदरमधल्या कापडवाल्या जावयाला असे चार धोंडे वाढले होते आणि चारही वेळा सिंधूताई तिथं अनारसे तळायला होत्या. स्वतःच्या जावयासाठी हा त्यांचा पहिला.

"आई, डॉक्टरनं दिलेली तारीख आहे."

"डॉक्टरले काय माहीत धोंडा? या महिन्यात पोट फाडत नसतात वं. अन् मी काय नाही म्हणून राहिली का? महिना सरू दे. सतरा जून घ्या. आता दुखते का त्यांचं?"

"नाही."

"मग?"

हर्षानं ते 'मग' जसंच्या तसं धर्मेंद्रपुढं ठेवलं. सुरीचं भय कोणाला नसतं! धर्मेंद्रला मनातून ते महिनाभराचं लांबणं गोडच लागलं असेल. सर्जन फोनवर म्हणाला, "चालेल, बहुतेक. पण दुखलं तर एक दिवससुद्धा घरी थांबू नका."

नवतप्यातल्या, मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांतल्या, रविवारी धोंडा झाला. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत नव्या सदऱ्यातला धर्मेंद्र पाटावर घामानं निथळत होता. परात समोर आली.

"मामीजी, तेहतीस? माह्या वर्गात एवढी पोरं पास नाही होत!"

"खा गा जावईबापू," रंभाबाईंनी दटावलं, "लाजून राहिले का?"

"पोटाकडे पाहा जरा," हर्षा पुटपुटली.

"आता कशाचं भेव? कापणारच आहेत ना त्याले!"

सगळे हसले. सर्वांत जास्त सिंधूताई हसल्या. बारा वर्षं दुसरीच्या चुलीपाशी बसलेल्या बाईला त्या दिवशी जावयाला कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं होतं.

आठ जूनला त्याचं पोट पुन्हा दुखू लागलं. मागच्या वेळच्या गोळ्या कपाटात उरल्या होत्या. 'नऊ दिवसांनी ऑपरेशन आहेच, आत्ता कशाले धावायचं,' असं त्यानं गणित मांडलं. मास्तरच तो. दोन दिवस गोळ्या घेतल्या. तिसऱ्या सकाळी पोट लाकडासारखं कडक झालं. धंतोलीत नेईपर्यंत आतडं फुटून घाण सगळ्या पोटात पसरली होती. लगोलग कापलं, पिशवी लावली, पण विष रक्तात गेलं होतं. सतरा तारीख यंत्राच्या श्वासावर गेली. एकोणीसला धर्मेंद्र गेला.

त्याच दुपारी सिंधूताईंनी सर्जनला बाहेर गाठलं. दहा दिवस गिळून ठेवलेलं विचारलं, "साहेब, अनारशाले खसखस होती. मीच थापली. ती आतड्यात अडकली का?"

थकलेल्या माणसानं तोंडावरचा मास्क खाली ओढला. "नाही आई. बियांनी, खसखशीनं असं होत नाही, तो जुना समज आहे. जेवणाचा यात काही दोष नाही. मनाला लावून घेऊ नका."

किती चांगुलपणानं बोलला बिचारा! रंभाबाईंनी ती गोष्ट लगेच सगळ्या नातलगांत फिरवली: सिंधूच्या जेवणाचा दोष नाही. सिंधूताई बाकावर बसून राहिल्या. जेवणाचा दोष निघाला असता तर त्यात वाटेकरी पुष्कळ होते. 'खा गा' म्हणणारी रंभाबाई होती, हसणारे सगळे होते, खाणारा स्वतः होता. डॉक्टरनं जेवण निर्दोष सोडलं आणि आता फक्त तारीख उरली. तारखेत वाटेकरी नव्हता.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. नागपूरच्या त्या दोन खोल्यांत मायलेकीच उरल्या. हर्षा वाळलेले कपडे घड्या करत होती. सिंधूताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"हर्षा, बोल मले काही. किती दिवस अशी गप राहशील? मीच म्हटलं महिना सरू दे. माह्यामुळं झालं."

"त्यांनी मले विचारलं होतं, आई. 'तुले काय वाटते?' म्हणे. मी म्हटलं, थांबू."

"मी तुले सांगितलं म्हणून ना!"

"तू सांगितलं. बायको मी होती."

"तू काय करशील पोरी? माय सांगते म्हटल्यावर..."

"मले डॉक्टरचं समजलं होतं. तुले नव्हतं समजलं."

"नाही वं. माह्यावर टाक. तुले पुढं जगायचं आहे."

"नाही टाकत."

या मायलेकी आजवर कधी अशा भांडल्या नव्हत्या. दूध करपलं तर 'तुलेच सांगितलं होतं गॅस बंद कर', बरणी फुटली तर 'तूच काठावर ठेवली'. ढकलाढकलीत दोघी तरबेज. आज मात्र दोघी एकच गोष्ट आपापल्याकडे ओढत होत्या आणि कोणी सोडायला तयार नव्हती.

सिंधूताईंनी लेकीचा हात धरला. "ऐक ना माहं. दे हे मले."

हर्षानं हळूच हात सोडवून घेतला. आवाज चढला नाही, डोळेही भरले नाहीत.

"राहू दे, आई. लेकरू नाही, बाळ नाही. त्यांनी मले शेवटचं विचारलं ते एवढंच. ते तरी माह्यापाशी राहू दे."

सिंधूताईंचा रिकामा हात तसाच पुढं राहिला. हर्षानं पुढचा सदरा उचलला, बाह्या जुळवल्या आणि घडी घालू लागली.