काय म्हणतोय नमदा

तळहाताएवढा तुकडा, ओल्या राखेच्या रंगाचा — अंगठा त्याच्यावरून पुढे गेला तेव्हा तो निमूट पडून राहिला, मागे आला तेव्हा मात्र किंचित उभा राहिला, मांजराच्या पाठीवरचे केस उलटे फिरवल्यावर राहतात तसा. तिनं पुन्हा अंगठा फिरवला. पुढे, मागे. सशाच्या केसांचा होता, हे तर हातात घेताक्षणीच कळलं होतं. रंग आतपर्यंत मुरलाय की नुसता वरवरचा आहे हे बघायला तिनं कापलेली कड दाराच्या उजेडात धरली. मुरला होता. मधे फिकट रेघ नव्हती. डोळ्यांचं काम झालं, अंगठ्याचं झालं. उरलं ते कानाचं. तुकडा कानाशी न्यायचा, चिमटीत चुरगळायचा आणि सोडून द्यायचा... तिचा हात गळ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"ऐक की," काका म्हणाले. "लाजतेस कुणाला?"

काका नमद्याचे, म्हणजे टोप्यांसाठी लोकर-केस दाबून केलेल्या जाड कापडाचे, व्यापारी. नात्यानं कुणीच नाहीत. पण ती त्यांच्या टेबलाखाली मावत होती तेव्हापासून या दुकानात येते आहे, अप्पांचं बोट धरून, आणि इतक्या वर्षांत हे दुकान जरासुद्धा बदललेलं नाही. तेच लाकडी कप्पे, तीच शिडी, लोकरीचा तोच उबट वास. आता बोट तेवढं नाही. अप्पा घरी खिडकीशी बसलेले असतात आणि ती एकटी येते.

"घरी नेते," ती म्हणाली. "अप्पांना दाखवून सांगते."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अप्पांची अवस्था त्यांना ठाऊक होती की नाही कुणास ठाऊक. नदीपलीकडच्या म्हाताऱ्या जोडप्यानं यंदा आपली नमद्याची भट्टी विझवली होती आणि ती दोघं मुलाकडे राहायला निघून गेली होती. गेली कित्येक वर्षं अप्पांच्या सगळ्या टोप्या त्यांच्याच नमद्याच्या झाल्या होत्या, त्यामुळे निवडायची वेळच आली नव्हती. अप्पा नुसती मान डोलवायचे आणि गठ्ठे घरी यायचे. या वर्षी मात्र तीन नवी माणसं, तीन नमुने. थंडीच्या टोप्या कशाच्या करायच्या ते आज ठरायला हवं होतं, कारण संध्याकाळी काकांची गाडी माल आणायला निघणार होती आणि मग महिनाभर तिकडे फिरकणार नव्हती.

"अप्पांचं ठीक आहे," काका म्हणाले. "तुला कुठला वाटतो?"

"मला काय वाटायचंय," ती हसली. "मी आपली शिवणारी."

तिन्ही तुकडे पिशवीत टाकून ती बाहेर पडली. राखाडी, सशाच्या केसांचा, कुणा एका बाईनं तिच्या लहानशा शेडमध्ये केलेला, एका कोपऱ्यात जरासा पातळ. तपकिरी, मोठ्या कारखान्यातला, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा, इस्त्री केल्यासारखा शहाणा. आणि काळपट, मेंढीच्या लोकरीचा, जाडाभरडा, स्वभावानं गरीब. स्वभाव... हा शब्द अप्पांचा. त्यांच्यासाठी नमद्याला स्वभाव असायचा, तोंड असायचं. चांगला नमदा बोलतो, वाईट नमदा मुका असतो. असं दुसरं कुणी म्हणत नाही. बाकीचे टोपीवाले घट्ट म्हणतात, सैल म्हणतात, फार तर दमदार म्हणतात. अप्पांनी हा शब्द कुठून आणला होता देव जाणे, पण घरात तो इतका मुरला की बोलणं या शब्दाचा दुसरा काही अर्थ असतो हेच ती अधूनमधून विसरायची. अप्पांचं आजारपण नुकतं सुरू झालं होतं तेव्हा डॉक्टरांनी फोनवर विचारलं होतं, "बोलतात का?" हातात सुई, समोर साचा, ध्यान भलतीकडेच — ती म्हणाली, "चिमटीत धरल्याशिवाय कसं सांगणार?" पलीकडून डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. नंतर ती एकटीच हसत सुटली होती, आणि मग हसू कधी थांबलं ते तिला कळलं नाही.

रस्त्यावर वारा होता. समोरून येणाऱ्या एका माणसानं टोपी हातानं दाबून धरली होती, आणि माणूस दिसण्याआधी तिला टोपीच दिसली. हा सैल, हा पहिल्या पावसात मान टाकणार... हे सगळं कुठून येतं? कुणी विचारलं नसताना आपोआप येतं आणि कुणी विचारलं की पळून जातं. अप्पा म्हणायचे, आपण गावाला टोप्या घालून पोट भरतो आणि वर लोक आपल्याला नमस्कार करतात, असा धंदा दुसरा नाही. हा विनोद ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे आणि गिऱ्हाईक हसण्याआधी स्वतःच हसायचे. टोपी घालणं. तिच्या मनात आलं, काकांना तरी काय कळणार आहे? दुपारी फोन करायचा, अप्पांनी हा काढला म्हणून सांगायचं, आणि झालं. कुठलाही. पिशवीत हात घालून पहिला हाती लागेल तो.

पण तसं नव्हतं ते. खरं काय होतं ते तिला चालता चालता नीटच दिसत होतं आणि ती त्याच्याकडे कानाडोळा करत होती. अप्पा तिचं नाव विसरले होते, घर विसरले होते, आई गेली हेसुद्धा विसरले होते — एका परीनं बरंच झालं ते — पण नमदा ते विसरलेत का, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. विचारायची गरज पडली नव्हती. म्हणजे एक दार अजून उघडून पाहायचं राहिलं होतं, आणि जोवर ते उघडलं नाही तोवर दारामागे अप्पा होते, जसेच्या तसे, कानाशी तुकडा धरून, डोळे बारीक करून. आज मी स्वतः निवडलं तर ते दार मीच बंद केल्यासारखं होईल. आणि त्यांना दाखवलं, आणि दारामागे कुणीच नसलं तर?

लहानपणी ती कामाच्या टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राहायची. अप्पा तुकडा कानाशी न्यायचे, चुरगळायचे, सोडायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू पसरायचं. ती विचारायची, "काय म्हणतोय?" मग अप्पा सांगायचे. हा म्हणतोय, मला उन्हात नेऊ नका, मी रडेन. हा भला आहे, कितीही भिजवा, आकार सोडायचा नाही. हा गर्विष्ठ, हा डोक्यावर बसणार नाही, डोक्यात जाईल. मग ते तुकडा तिच्या कानाशी धरायचे, आणि ती कान टवकारून, श्वास रोखून... काय करायची? अप्पांच्या चेहऱ्याकडे बघायची. भुवई वर गेली तर म्हणायची, बोलतोय! ओठ मुडपले तर, मुका! अप्पा खूश व्हायचे. म्हणजे मी कधी ऐकलंच नाही, तिला वाटलं आणि ती फुटपाथच्या कडेला क्षणभर थांबली. एवढी वर्षं मी नमदा ऐकलाच नाही. अप्पांचा चेहराच तेवढा वाचत आले.

घरी मावशी दारातच भेटल्या. दिवसभर अप्पांजवळ बसणाऱ्या या बाई बोलायला फटकळ, हाताला मऊ. "आज स्वारी खुशीत आहे," त्या म्हणाल्या. "मला दोनदा विचारलं, तुमचं लग्न झालंय का म्हणून. मी म्हटलं, नातवंडं आहेत हो मला! तर म्हणतात, तरी पण." आणि पदर खोचून त्या चहा टाकायला आत गेल्या.

अप्पा खिडकीशी होते. मांडीवर उजेडाचा चौकोन पडला होता आणि त्यात त्यांचे हात, एकावर एक, कुणीतरी ठेवून गेल्यासारखे. समोरच्या भिंतीशी लाकडी डोकी रांगेनं बसलेली, टोप्यांचे साचे, लहान, मोठी, एक थोडं वाकडं. मागे कामाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. तिनं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"या," अप्पा म्हणाले. "बसा बाई."

हे तुम्ही-बिम्ही तिला आता लागत नसे. निदान ती तसं म्हणायची.

"नमदा आणलाय," ती म्हणाली. "बघता का जरा?"

तिनं तपकिरी तुकडा त्यांच्या हातात दिला. हात हलले, आणि तिच्या मनात आशा लकाकली. कारण अंगठा आपण होऊन पुढे गेला, मागे आला, कडेवर थांबला, अगदी तसाच. पण चेहरा रिकामा होता. "छान आहे हो," अप्पा म्हणाले. मग काळपट. "हाही छान आहे. तुम्ही केलात?" कुणाच्या घरी गेल्यावर त्यांनी मुलाचं चित्र दाखवलं की म्हणतात, तितकं सभ्य, तितकंच लांबचं.

"अप्पा, कानाशी नेऊन बघा ना."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग तुकड्याकडे. तपकिरी पुन्हा उचलला. सावकाश कानाशी नेला. ती पुढे सरकली. त्यांच्या भुवया, ओठ, डोळ्यांच्या कडा... कुठून तरी, कशानं तरी...

"हॅलो?" अप्पा म्हणाले.

आतून मावशींच्या कपबशीचा आवाज आला.

"हॅलो?" थोडं थांबून त्यांनी तुकडा खाली ठेवला. "कुणी बोलत नाही."

हसावं की रडावं, असं लोक सहज म्हणून जातात. तिला दोन्ही एकदमच आलं. आणि त्यातही, अगदी त्याच क्षणी, आतलं कुणीतरी हिशेबी होऊन म्हणालं — मुका म्हणाले की! कारखान्यातला तो मुका, बाद. घरच्या त्या एका शब्दापायी तिची ही गत. तिला स्वतःची कीव आली. पण हात थांबेना. तिनं काळपट पुढे केला. अप्पांनी तो कानाला लावला, "हॅलो" म्हटलं, आणि राँग नंबर लागल्यासारखा परत केला.

राहिला राखाडी. देऊ नको, तिला वाटलं. एवढा राहू दे. एवढं एक दार...

अप्पांनी तो तिच्या हातातून स्वतःच घेतला. कानाशी नेला, आणि या खेपेला हॅलो म्हणाले नाहीत. बोटं मिटली. तुकडा चुरगळला, सुटला. पुन्हा मिटली, पुन्हा सुटली. की फोन नीट धरत होते ते? की बोटांना नुसती सवय? उजेडाचा चौकोन त्यांच्या मांडीवरून घसरून जमिनीवर आला होता. "हं," अप्पा म्हणाले. "हं... हो, आहे ना. घरातच आहे. थांबा, देतो."

आणि त्यांनी मान वळवली, तिच्यावरून, तिच्या खांद्यावरून, कामाच्या खोलीच्या दाराकडे, आणि हाक मारली, "टाचणे! ए टाचणे! तुझा आहे."

टाचणी. सदा तोंडात टाचण्या धरून हिंडायची म्हणून पडलेलं नाव. आईसुद्धा या नावानं हाक मारत नसे, फक्त अप्पा. ती समोरच बसली होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि ते दाराकडे बघत होते. अगदी खात्रीनं बघत होते, आत कुणीतरी आहे हे ठाऊक असल्यासारखे. मग तिच्याकडे वळून जरा ओशाळून म्हणाले, "आमची धाकटी. कामात असली की हाक ऐकू जात नाही तिला. पण कान फार चांगला आहे हो तिचा. नमद्याचं सगळं तीच बघते. मी आपला उगीच मान डोलवतो."

"हे तिला सांगितलंत कधी?" तिनं विचारलं. आवाज कुणा दुसऱ्याचाच निघाला.

"सांगायचं काय त्यात," अप्पा म्हणाले. "बसा ना, येईलच ती इतक्यात."

तुकडा त्यांनी तसाच धरून ठेवला होता, वर, हवेत, त्या मुलीसाठी.

ती उठली. का उठली ते तिला सांगता आलं नसतं. स्टूल सरकवून ती कामाच्या खोलीत गेली, दार मागे लोटलं, आणि आतल्या अर्ध्या अंधारात उभी राहिली. वाफेचा वास होता, भिंतीवर तिचीच कात्री होती, टेबलाची ती कड होती जिच्यावर तिची हनुवटी टेकायची. आता ती कमरेला लागत होती. कुणी नव्हतं इथे. आणि अप्पा तर म्हणत होते, ती घरातच आहे. मोकळ्या हातांनी काय करावं हे न सुचून तिनं उशीवरची एक टाचणी काढली आणि ओठांत धरली. थंडगार, चव लोखंडाची.

"आले अप्पा," तशाच मिटल्या ओठांतून ती म्हणाली आणि दार उघडून बाहेर आली.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखलं का? चेहऱ्यावर काहीतरी हललं खरं. ते ओळखीचं होतं की नुसता ढग बाजूला होऊन उजेड पडला होता, हे तिला कळलं नाही, आणि नवल म्हणजे कळून घ्यायची घाईही झाली नाही. त्यांनी तुकडा तिच्या हातात दिला. तो त्यांच्या हातानं उबदार झाला होता. तिनं तो कानाशी नेला.

"काय म्हणतोय?" अप्पांनी विचारलं.

ते खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. मान वर केलेली, डोळे मोठे, श्वास रोखलेला, आणि नजर तिच्या चेहऱ्यावर — भुवयांवर, ओठांवर — खिळलेली. काका दुकानात फोनजवळ बसले असतील. गाडी निघायला अजून वेळ होता.

तिनं डोळे मिटले. बोटं हळूच आवळली, आणि सोडली.