नाव नसलेला घेवडा

इंग्लंडमधल्या आमच्या नेदर कॉम्ब गावाच्या बागकाम आणि हस्तकला मंडळाची मी बरीच वर्षं सेक्रेटरी होते. काम म्हणजे काय, हॉलची किल्ली सांभाळायची, महिन्याच्या सभेला चहा ठेवायचा, आणि सप्टेंबरच्या प्रदर्शनात आपल्या जॅमला दुसरा नंबर का मिळाला म्हणून रुसलेल्या माणसांची समजूत काढायची. गावातली एकूणएक बाग आपल्याला ठाऊक आहे असं मला तेव्हा वाटायचं.

मे महिन्यात आमची रोपांची विक्री असते. ज्याच्याकडे रोपं जास्त झाली असतील त्याने ती सकाळी हॉलच्या पायरीवर आणून ठेवायची, आणि ऑलिव्ह हकल ती टेबलावर मांडते. त्या वर्षी पायरीवर काही लाकडी पेट्या आल्या. वर पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला, 'घेवडा'. कुणी ठेवल्या ते ऑलिव्हने पाहिलं नव्हतं. नेहमीचाच हिरवा घेवडा असेल म्हणून लोकांनी रोपं नेली, मीही नेली.

उन्हाळाभर कुणाला काही वेगळं वाटलं नाही. शेंगा जरा आखूड होत्या, इतकंच. ऑगस्टअखेर माझ्या वेलावर तोडायच्या राहिलेल्या काही शेंगा वाळल्या आणि मी सहज एक सोलली. आत पांढरेशुभ्र दाणे. प्रत्येक दाण्याच्या पोटावर, जिथे तो शेंगेला चिकटलेला असतो तिथे, डाळिंबी रंगाची खूण. डाग म्हणावा तर त्याला नेमका आकार होता, काहीतरी हात पसरून उभं असावं तसा. दुसरी शेंग सोलली, तिच्यातही तेच. मी ओट्यापाशी उभ्या उभ्या टोपलीभर शेंगा सोलून काढल्या आणि चुलीवरचं दूध उतू गेलं.

आमच्याकडे भाज्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द रॉडनी पेलचा. त्याच्या लीकना, म्हणजे जाड पातीच्या कांद्यांना, दरवर्षी पहिलं बक्षीस. त्याने दाणा नखाने खरवडून पाहिला आणि बुरशी आहे, सगळं उपटून जाळा, असा निकाल दिला. प्रदर्शनाला बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकाने मात्र दाणे अगदी निरोगी असल्याचं सांगितलं. असं वाण आपण कधी पाहिलेलं नाही, म्हणाला, आणि जाताना मूठभर खिशात घालून गेला.

मग सगळ्या गावालाच चेव आला. मी हॉलमध्ये बशीत दाणे ठेवले, आणि येणारा जाणारा ते उलटेपालटे करून बघू लागला. पाद्रीसाहेबांना त्यात देवदूत दिसला, ऑलिव्हला फुलपाखरू, रॉडनीला वटवाघूळ. भरतकामवाल्या बायकांनी त्या हिवाळ्यात उशांचे अभ्रे केले, प्रत्येकीच्या अभ्र्यावर तीच खूण आणि प्रत्येकीची वेगळी. बियाणं विकणाऱ्या कंपन्यांना मी पत्रं टाकली. माहीत नाही, असं सगळ्यांनी सभ्यपणे कळवलं. पेट्या कुणी ठेवल्या ते घरोघरी विचारलं. कुणीच कबूल होईना.

फेब्रुवारीत मी वर्षाच्या कार्यक्रमाची पत्रकं वाटत खाणीकडच्या गल्लीत गेले. शेवटच्या घरात मिसेस क्रुपा राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या विमानतळावर पोलंडच्या लोकांची छावणी होती, तिच्यात नवराबायको आली होती. छावणी उठली, ती राहिली. नवरा खाणीत होता, तो वारला होता. बाई सत्तरीच्या. रस्त्यात भेटल्या तर आम्ही मान हलवायचो, त्यापलीकडे ओळख नव्हती, आणि त्या हॉलकडे कधी फिरकत नसत. एरवी मी पत्रक दाराच्या फटीतून टाकून पुढे जायची. त्या दिवशी दार उघडं होतं आणि त्या दारातच उभ्या होत्या. त्यांच्या मागे भिंतीवर लाल कापडाची ढाल, आणि तिच्यावर पंख पसरलेला पांढरा गरुड.

पत्रक माझ्या हातातच राहिलं.

"मिसेस क्रुपा," मी म्हणाले, "तुमच्या भिंतीवर आमचा घेवडा आहे."

त्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमच्या घेवड्यावर आमचा गरुड आहे," त्या म्हणाल्या. "आत ये. गारठा येतोय घरात."

चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. जर्मन आले तेव्हा त्यांच्या गावात गरुडाचं, म्हणजे पोलंडच्या राष्ट्रचिन्हाचं, चित्र घरात ठेवायची चोरी होती. म्हणून त्यांची आई परसात हा घेवडा लावायची. रविवारी तो ताटात वाढला की कुणी काही बोलायचं नाही, सगळे नुसते बघायचे. त्या इंग्लंडला आल्यावर पुष्कळ वर्षांनी आईने गावाहून पार्सल पाठवलं, त्यातल्या सुक्या अळंब्यांच्या पिशवीत हे बी होतं. पहिलं पीक आलं तेव्हा त्या बशी भरून आमच्या प्रदर्शनात घेऊन आल्या होत्या. तेव्हाच्या अध्यक्षांनी, ते आता हयात नाहीत, सांगितलं की नियमात हिरव्या शेंगा बसतात, वाळलेले दाणे म्हणजे वाण्याचा माल. त्या बशी घेऊन घरी परतल्या.

"राग आला असेल," मी म्हणाले.

"आला ना. वीस वर्षं पुरला."

आता लेक त्यांना कॉव्हेंट्रीला घेऊन जाणार होती. तिचं घर चौथ्या मजल्यावर, अंगण नाही. एकट्या आपल्या बागेत ठेवला तर हा घेवडा आपल्याबरोबरच संपेल, म्हणून त्यांनी तो गावात वाटून टाकला होता.

"पण पेट्यांवर नाव का नाही लिहिलंत?"

"माझं नाव लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, त्या पोलंडवालीचा घेवडा. आणि विषय संपला असता. नाव नव्हतं म्हणून बघितलंत."

मी दुसरा कप मागितला.

पुढच्या सभेत मी बाईंची हकीकत सांगितली आणि प्रदर्शनात वाळलेल्या घेवड्याचा नवा गट सुचवला. रॉडनीने जवळजवळ जुन्या अध्यक्षांच्याच शब्दांत विरोध केला. मग कुणीतरी सांगितलं की बाई अजून महिनाभर गावात आहेत, लागवड कशी करायची ते त्यांनाच विचारता येईल. दुसऱ्या दिवशीच रॉडनी त्यांच्या दारात. वेलाला आधार किती उंच, माती कसली, पाणी किती, विचारून विचारून त्याने त्यांना भंडावून सोडलं. नवा गट त्यानेच मंजूर करून घेतला.

सप्टेंबरात मिसेस क्रुपा कॉव्हेंट्रीहून बसने आल्या. मुक्काम माझ्याकडे. सोबत छोटी बशी, गॅलरीतल्या कुंड्यांमधल्या पिकाची. परीक्षकाला बशी कुणाची ते कळू द्यायचं नाही असा आमचा नियम. पहिलं बक्षीस रॉडनीला मिळालं, त्यांना तिसरं. हॉलमध्ये सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. रॉडनी कानापर्यंत लाल.

बाईंनी चष्मा लावला आणि त्याच्या बशीतला एक दाणा उजेडात धरला.

"चांगला आहे. पण पाणी जास्त घातलंस."

"थोडंसं," रॉडनी म्हणाला.

"दाणा फुगला, गरुड फिका पडला. बघ."

त्याने वाकून त्यांच्या बशीतला एक दाणा आपल्या दाण्याशेजारी धरून पाहिला. मग म्हणाला, "खरंच की."

"आणि आता याचं काय करता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

म्हणजे काय, ते त्याला कळेना. प्रदर्शनातल्या भाज्या नंतर बहुतेक खताच्या ढिगावर जातात, असं मी सांगितलं. बाईंनी आमच्याकडे असं काही पाहिलं की इतकी वर्षं आम्ही हे का करतो याचं मलाच नवल वाटायला लागलं.

रविवारी आम्ही हॉल आवरायला गेलो तर आत धुरावलेल्या सॉसेजचा आणि कांद्याचा वास दरवळत होता. बाईंनी माझ्याकडून किल्ली आदल्या संध्याकाळीच मागून घेतली होती आणि टेबलावरचा सगळा घेवडा भिजत टाकला होता. स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात आता त्याचं सूप रटरटत होतं. रॉडनी आपली बशी न्यायला आला, तर बशी रिकामी, नुसतं बक्षिसाचं कार्ड.

"माझेही घातलेत?"

"सगळ्यांचे घातले."

त्याने कार्ड खिशात घातलं. मग वाडगा घेऊन रांगेत आला. पहिला चमचा त्याने खाल्लाच नाही, नाकाजवळ धरून दाणे निरखत बसला. शिजल्यावर खूण राहते का, असं त्याने विचारलं. फिकी होते, पण राहते, बाई म्हणाल्या, आणि गार व्हायच्या आत खा. त्याने खाल्लं. आणखी घेतलं.

मग एकदम त्याचा चमचा थांबला. "बियाण्याला ठेवलेत ना कुणी?"

ऑलिव्ह म्हणाली, तिच्या घरी बरणीभर आहेत. पाद्रीसाहेबांकडेही होते. माझ्याकडे होते. टेबलाभोवती बसलेल्यांत ज्याच्या घरी नाहीत असा एकही जण निघाला नाही.

मिसेस क्रुपांनी डाव उचलला आणि न विचारताच ज्याचा त्याचा वाडगा पुन्हा भरू लागल्या.