मान डोलावणारा शिंपी

निवृत्त कोर्ट-कारकुनाला आपल्या न्यायाधीशबाईंची आठवण आली, की आधी तो शिंपीच डोळ्यांपुढे येतो. त्या दिवशी शिंप्याला संध्याकाळच्या विमानाने देशाबाहेर धाडायचं होतं. दुभाषी सांगत होता आणि शिंपी मान डोलावत होता.

"सगळं कबूल आहे त्याला, बाईसाहेब," सरकारी वकील घड्याळाकडे बघत म्हणाले.

बाईंनी चष्मा पुसला. "विचारा, ही इमारत त्यानेच शिवलीय का?"

दुभाष्याने विचारलं. शिंप्याने अदबीने मान डोलावली.

"आणि वकीलसाहेब त्याचे जावई का?"

शिंप्याने वकिलांकडे बघून पुन्हा होकार दिला. वकील लाजले की चिडले, हे कारकुनाला आजवर उमगलेलं नाही.

"सासरेबुवांची भाषा येणारा माणूस शोधा," बाई म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही."

विमान शिंप्याला न घेताच उडालं. पुढच्या तारखेला नवा दुभाषी आला आणि शिंप्याला कंठ फुटला. जेवणाची सुट्टी टळली तरी बाई ऐकतच राहिल्या. कारकून तेव्हा मनातल्या मनात कुरकुरला होता. हल्ली सूनबाई वेळेवर ताट वाढते, आणि त्याला ती उपाशी दुपार हवीहवीशी वाटते.