लुर्दीनची धून

माघ उतरू लागला की शिरोड्याच्या मिठागरांवर उजेड पाण्यासारखा साचतो. बांधाबांधांनी अडवलेला, चौकोनाचौकोनांत निजलेला, शुभ्र, क्षारगंधी, दुखऱ्या डोळ्यासारखा उजेड. वर मोहराचा घमघमाट, खाली खाऱ्या चिखलाची ओल. आणि मधून जाणारी वाट अशी अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकानं थांबावं, एकानं जावं.

त्या वाटेनं दुपारी दिगंबर केळुसकराचा टेम्पो गेला. मागं दोरांनी बांधलेला त्याचा डबल बेस, खर्जातलं तारांचं वाद्य. माणसाहून उंच, पोटानं रुंद, काळ्या खोळीत गुंडाळलेला, मंद्रस्वरी म्हातारा. मिठागरातल्या बायांनी फावडी टेकली, पदर सावरले, हात जोडले. त्यांना वाटलं, कुणाला तरी नेताहेत.

नेत नव्हते कुणाला. नेलेल्याला महिना झाला होता.

कायतान आल्मेडा त्याचं नाव. मुंबईच्या एका हॉटेलात, झुंबरांच्या स्फटिकवर्षावात, काट्याचमच्यांच्या किणकिणाटात तो जॅझ वाजवी. बेनीत ड्रमवर, दिगंबर बेसवर, आणि पुढं कायतान. डोळे मिटी, ओठांशी ट्रंपेट नेई. आणि पितळेचं पाखरू होई, उडे, गिरकी घेई, फांदी सोडी, फांदी धरी. टाळ्या पडत, पण त्या कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकला.

“दिगू, तू बांध धर,” तो म्हणे, “पाणी मी सोडतंय.”

दिगंबर बांध धरी. खालचे चार स्वर, जड, सावळे, जमिनीसारखे. त्यावरून कायतान वाही. रोज निराळा, रोज नवा, कालचं पाणी आज नाही.

एका संध्याकाळी गावाहून तार आली: मुलगी झाली. कायताननं ती कोटाच्या खिशात घातली आणि कुणी कधी न ऐकलेली एक धून उचलली. कोवळी, ओलसर, टाळू न भरलेल्या बाळासारखी. मुलीचं नाव लुर्दीन ठेवलं, म्हणून ती लुर्दीनची धून. मग ती रोज वाजली. रोज तीच, आणि रोज वेगळी. कागदावर आली नाही, तबकडीवर चढली नाही.

पुढं हॉटेलातला जॅझ थंडावला. कायतान सिनेमाच्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसला; गाणी गावोगाव गेली, त्याचं नाव कुठंच गेलं नाही. मग पुढचे दात पडले. दातांमागं ओठांचं बळ गेलं, ओठांमागं ट्रंपेट गेला. घरी परतला तो मुका होऊन. माडांना पाणी घाली, काजू वेची. शिरोड्याला तो माडांना पाणी घालणारा म्हणूनच ठाऊक.

आणि लुर्दीनलाही. जिच्या नावाची धून, तिनं ती ऐकली नव्हती.

आज चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिसा, शांतीची प्रार्थना, झाली. चहा झाला, केक झाला, पाहुणे पांगले. खोलीत उरली तिघं: लुर्दीन, बेनीत आणि दिगंबर. चौथा म्हणावा तर तो बेस, भिंतीला टेकलेला.

“दिगू, वाटेर बायांनी तुका हात जोडले म्हणतत,” बेनीत म्हणाला.

“माका नाय रे. ह्येका.” दिगंबरानं बेसकडं बोट केलं.

“तसाच असतला. तुका कोण जोडता!”

लुर्दीन हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. मग दिगंबरासमोर पाटावर बसली, लहान मुलीसारखी.

“काका, पप्पांका कितीदा विचारलंय. म्हणायचे, दिगूक विचार, तेका येता. ती धून माका आयकाची आसा. आज.”

दिगंबरानं खोळ उतरवली. बेस खांद्याशी घेतला. तारांवर बोटं ठेवली आणि वर पाहिलं, जिथं धून असायची तिथं. तिथं काही नव्हतं.

खालचे चार स्वर होते. त्यांचं चढणं होतं, उतरणं होतं, वळण होतं. वरची धून नव्हती. त्यानं बेनीतकडं पाहिलं.

“माझ्याकडं बघतस कित्याक?” बेनीत पुटपुटला. “माका वाटला, तुका येता.”

“तू वाजवताना गुणगुणायचस मरे!”

“मी ताल गुणगुणायचंय, दिगू. ताल.”

आयुष्यभर दोघांनी बांध धरला होता. पाणी दुसऱ्याच्या ओंजळीत आहे, असं दोघांनाही वाटत राहिलं होतं.

दिगंबराच्या मनात आलं, काहीतरी रचावं. कुठलीही गोड, कोवळी चाल. तिला काय कळणार? तिचे उत्सुक डोळे, बापाचेच, तपकिरी, त्याच्या बोटांवर खिळलेले. बोटं उचलली. बोटं थांबली. कायतानच्या जागी खोटा कायतान उभा करायचा?

“बाय,” तो म्हणाला, “धून माका येणा नाय. धून तेच्याबरोबर गेली.”

लुर्दीनचा चेहरा ओहोटीच्या वाळूसारखा झाला. पाणी गेलेलं, ओल राहिलेली.

“मग तुमका काय येता, काका?”

हा प्रश्न दिगंबराला कुणी कधी विचारला नव्हता.

“तो दम खंय घेयत, ता माका येता,” तो म्हणाला. “दम घेताना तो गप होय. तेवढ्यात मी एकटो. थंयसर माझो एकच स्वर. तो चुकाक दियत नसंय.”

बेनीतनं खुर्चीच्या कडेवर बोटांनी ताल धरला. दिगंबरानं तार छेडली. एक स्वर आला, गर्भगंभीर, काष्ठगंधी. त्यामागून दुसरा, त्यामागून तिसरा. वर रिकामं आभाळ. ज्या आभाळात कायतान उडे, ते आभाळ तेवढं, कडेकोपऱ्यांसह.

चवथ्या वळणावर दिगंबरानं मान उचलली.

“हंय,” तो म्हणाला. इथं कायतान दम घेई.

लुर्दीननं डोळे मिटले. छाती भरून दम घेतला.

पुन्हा वळण, पुन्हा “हंय”. कधी लांबचा दम, कधी चोरटा, कधी अर्धाच. मग त्याला सांगावं लागेना. स्वर एकटा पडे, आणि लुर्दीनचा ऊर आपोआप वर येई. जिथं बापाचा येई, तिथं लेकीचा येई. जितका बापाचा, तितका लेकीचा.

धून आली नाही. येणार नव्हतीच. लुर्दीनचे ओठ विलग होत, ऊर भरे, क्षणभर सारं घर भरे. आणि सुराविना, शब्दाविना, तो श्वास हळू, हळू, परत जाई.